ओळीत लावलेली प्यादी

स्पर्धेचा निकाल लागून गेला होता, फक्त स्पर्धा संपायची राहिली होती. आठ फेऱ्या, आठ विजय. चषकावर नाव कोरणाऱ्यानं धाकट्याचं नाव कधीच कोरून ठेवलं असणार. आता चघळायला सगळ्यांना एकच विषय उरला होता. सगळेच्या सगळे डाव जिंकण्याचा विक्रम त्याच्या हातून होतोय की नाही? आणि नवव्या, शेवटच्या फेरीत त्याच्यासमोर होती त्याची सख्खी बहीण, ताई.

धाकटा हे घरातलं नाव. बाहेर त्याला बादशहा म्हणत. या बादशहाला बुद्धिबळ ताईनंच शिकवलं होतं. तेव्हा घोडा कुठला आणि उंट कुठला हे त्याला कळत नव्हतं आणि हत्ती तर तो सरळ तोंडात घालायचा. पुढं त्याला मिसरूड फुटायच्या आतच तो ताईला हरवायला लागला. तेव्हापासून आजतागायत त्याच्याशी जिंकणं सोडाच, साधी बरोबरीही ताईच्या नशिबी आली नव्हती.

तिला आज बरोबरी हवी होती. या स्पर्धेचा एक निर्दय नियम होता. दहा जणांत जो शेवटचा येईल, त्याला पुढच्या वर्षी बोलावणं नाही. ताई तळाशी लटकत होती. बरोबरीचा अर्धा गुण मिळाला तर जागा राहणार होती, हरली तर गेली. आणि तिच्या वयाला एकदा गेलेली जागा परत मिळत नाही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

सकाळी आईचा फोन आला.

"मी आज कुणाच्या बाजूनं असू गं?"

"माझ्या."

"अगं पण त्याचा विक्रम होतोय. तुझं काय, तू पुढच्या वर्षी खेळशील."

"आज हरले तर पुढच्या वर्षी बोलावणारच नाहीत, आई."

आई म्हणाली, "थांब, मी त्यालाच सांगते. म्हणावं, बहिणीला अर्धा गुण दे. त्याला काय कमी आहे?"

"आई, त्याला काही म्हणजे काही सांगायचं नाही," ताई म्हणाली. "सांगितलंस तर मी महिनाभर फोन उचलणार नाही."

आई बरं म्हणाली. पण आईचं बरं म्हणजे काय, हे दोन्ही मुलांना चांगलं ठाऊक होतं.

नाश्त्याच्या टेबलावर दाढीवाला येऊन बसला. सहाव्या फेरीत धाकट्याकडून मार खाल्लेला हा खेळाडू अजून त्यातून बाहेर आला नव्हता. जो भेटेल त्याला तो डाव ऐकवत होता.

"मी चांगला खेळत होतो हो. पण त्यानं एक मोहरा फुकट दिला, उठला, एक फेरी मारून आला आणि पटाशेजारी मारलेली प्यादी होती ना, ती ओळीत लावायला लागला. इतका निवांत. मी म्हटलं, याला शेवटपर्यंत सगळं दिसलंय. डाव सोडला."

"पण कॉम्प्युटर म्हणतो, तुमचा डाव बरा होता," ताई म्हणाली.

"कॉम्प्युटरला काय जातंय बोलायला? तो त्याच्यासमोर बसला नव्हता."

ताईनं मान हलवली. तिचं अर्धं लक्ष फोनकडे होतं. आईनं त्याला फोन लावला असेल की नाही, हाच किडा डोक्यात वळवळत होता.

डाव सुरू झाला. हात मिळवताना धाकटा हसला नाही, नजरेला नजरही देईना. लावलाय फोन, ताईला वाटलं. तिला संताप आला. दया नको होती तिला. म्हणजे अर्धा गुण हवा होता, पण दयेचा नको होता. हे तिचं तिलाच जरा विचित्र वाटलं.

पहिल्या काही तासांत दया वगैरे काही दिसेना. धाकटा तिला पद्धतशीर आवळत होता. तिची दोन प्यादी गेली, राजा उघडा पडायला लागला. मग त्यानं घोडा उचलला आणि थेट तिच्या राजाच्या पुढ्यात नेऊन ठेवला. फुकट. प्रेक्षकांत कुजबुज झाली, पंचबाईंनी सगळ्यांकडे वटारून पाहिलं. धाकटा उठला, खिशात हात घालून एक फेरी मारून आला आणि खुर्चीत बसून ताईची मेलेली दोन प्यादी नीट लावू लागला. एक उजवीकडे सरकवलं. मग दुसरं त्याच्या रेषेत आणलं. मग पहिलं पुन्हा जरासं हलवलं.

ताईला वाटलं, संपलं. घड्याळ थांबवून डाव सोडायला तिचा हात निघालाही होता.

आणि एकदम तिला दारातल्या चपला दिसल्या.

लहानपणी घरात काही फुटलं, सांडलं, मोडलं की धाकटा दारातल्या चपला जोडीजोडीनं ओळीत लावायचा. कुणी सांगितलेलं नसायचं. आईला कोण कौतुक. माझा मुलगा किती टापटिपीचा, म्हणून शेजारपाजारच्यांना दाखवायची. ताई मात्र चपला ओळीत दिसल्या की मुकाट्यानं आत जायची आणि काय फुटलंय ते शोधायची. दर वेळी काहीतरी सापडायचंच.

ताईनं हात मागे घेतला. आता काय फोडलंस रे, असं मनाशी म्हणत ती पटावर शोधायला लागली. जे मोहरे ती मघापासून भीतभीत बघत होती, तेच ती आता घर धुंडाळावं तसं बघत होती. आणि सापडलं. घोडा देण्याआधी त्यानं एक हत्ती हलवायला हवा होता. तो राहिला होता. त्यामुळं तिच्या राजाला कोपऱ्याकडे पळायला एक वाट मोकळी होती. अरुंद, पण होती.

तिनं घोडा मारला. धाकट्यानं वजिरानं शह दिला आणि घड्याळ दाबण्याआधी खालच्या मानेनं पुटपुटला, "ताई, ड्रॉ?"

हे तिला हवं होतं तेच होतं. अर्धा गुण, पुढच्या वर्षीची जागा, शिवाय आई खूश. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये, असं शहाणी माणसं सांगतात. आणि हा आईचा फोन बोलत असता तर तिनं जागा गेली तरी बेहत्तर म्हणून नाकारलंच असतं. पण फोन आला असो नसो, बोलत होती ती त्याची भीती. जगाचा बादशहा आपल्याला घाबरलाय, याचा ताईला इतका आनंद झाला की तो लपवायला तिला पाण्याचा ग्लास तोंडाला लावावा लागला.

अशा वेळी नाही म्हणावं लागत नाही, चाल खेळली की झालं. तिनं राजा कोपऱ्याकडे सरकवला.

बादशहा काही उगाच बादशहा नव्हता. हरलेला डाव त्यानं असा ताणला की ताईला दोनदा वाटलं, घालवलं आपण. एकदा तर तिचा वजीरच जाता जाता वाचला. पण शेवटी त्याचे मोहरे संपले आणि धाकट्यानं हार मानून हात पुढे केला. टाळ्या कुणासाठी वाजवाव्यात, हे प्रेक्षकांना पटकन कळेना.

डाव संपल्यावर दोन्ही खेळाडूंनी पुन्हा मोहरे मांडून चुका बघायची रीत असते. इतकी वर्षं धाकटाच भराभर मोहरे हलवायचा आणि इथं तू हे खेळायला हवं होतंस म्हणून ताईला शिकवायचा. आज तो खुर्ची ओढून तिच्या बाजूला येऊन बसला. कान लाल झाले होते, लहानपणी व्हायचे तसेच.

"विक्रम गेला रे तुझा," ताई म्हणाली.

"गेला. पण तुला कळलं कसं, ते सांग. घोडा दिल्यावर सगळे मरतात. माझ्याकडे बघतात आणि मरतात. तू थांबलीस कशी?"

ताईनं त्याच्याकडे पाहिलं. तिला त्याची खूप माया आली. आजवर याला काय दिलं नव्हतं? खिडकीजवळची जागा दिली, नवी कंपासपेटी दिली, सगळं येत होतं तेवढं बुद्धिबळ दिलं. हेही देऊन टाकावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं.

"असंच," ती म्हणाली. "खेळून खेळून कळायला लागतं."

त्याला ते मुळीच पटलं नाही. तो खुर्ची सरकवून उठला.

"पुढच्या वर्षी बघतो तुझ्याकडे."

"बघ की," ताई म्हणाली. "मी आहेच."