सांधलेलं बाजूला

उत्तमरावांचं उजवं अंग लकव्यानं गेलं, त्याला वर्ष होत आलं तेव्हा शालूबाईंनी मनाशी ठरवून टाकलं, की आता एक तर माणूस सांभाळायचा, नाहीतर कापडं. दोन्ही आपल्याच्यानं होणार नाही. सकाळी नवऱ्याला उठवून बसवायचं, तोंड धुवायचं, भाकर दुधात कुस्करून भरवायची, कूस बदलायची. आणि ह्यातून पाठ टेकावी म्हटलं तर मधल्या खोलीतल्या लोखंडी पेट्या वाट बघत असायच्या. पावसाळा सरला होता. दरवर्षी ह्या दिवसांत त्या सगळं बाहेर काढून सावलीत वारं द्यायच्या, कसर लागलीय का बघायच्या, कडुलिंबाचा पाला बदलायच्या. यंदा एकाही पेटीचं झाकण उघडलं नव्हतं.

साखरा गावातले लोक त्या खोलीला 'मुजियम' म्हणायचे, कोणी कौतुकानं, कोणी हसून. हिंगोली परभणी जिल्ह्यात होती तेव्हापासून उत्तमरावांना जुन्या वस्तूंचा नाद. अर्धं शेत बटईनं लावून हा माणूस राजदूत फटफटीवर तांडेच्या तांडे पालथे घालायचा. बंजारा बायांचे आरशांचे घागरे म्हणजे फेटिये अन् पाठीवर बंदाच्या कांचळ्या, पोळ्याच्या दिवशी बैलांवर टाकायच्या कवड्यांच्या झुली, लेकरांच्या जरीच्या कुंच्या, वसमतच्या एका जहागीरदाराच्या घरातली हिमरूची शेरवानी, पानदानं, अत्तरदाण्या. परत आला की गाठोडं ओसरीवर सोडायचा, चांगलं पेटीत ठेवायचा आणि फाटकं असेल ते शालूबाईंच्या मांडीवर आणून टाकायचा.

शालूबाई ते सांधायच्या. आधी साधा टाका घालायच्या. मग तांड्यावरच्या मिराबाईनं त्यांना आरसा बसवायचा टाका, कवडी ओवायची रीत दाखवली. विटलेल्या रंगाला जुळणारा दोरा मिळावा म्हणून त्या सेनगावच्या बाजारात दुकानं पालथी घालायच्या. दहा-बारा वर्षं हेच चाललं. डोळ्यांना चष्मा लागला, मान धरायला लागली. कितीदा वाटलं, सुई चुलीत टाकून द्यावी. पण नवऱ्याचा एवढा जीव ह्या पसाऱ्यात, आणि आपल्यावाचून त्याचं अडतंय, म्हणून त्या बसत राहिल्या.

मुलगा स्वप्निल पुण्याला नोकरीत होता. आईची दमछाक त्यानं दिवाळीत पाहिली आणि तिथल्या एका संग्रहालयाशी बोलणं केलं. उत्तमरावांना विचारलं तेव्हा त्यांनी बराच वेळ आढ्याकडं बघितलं आणि होकाराची मान हलवली. मग एके दिवशी राधिका नावाची बाई जीप घेऊन आली. शालूबाईंनी तिला हसण्यावरून ओळखलं. फार वर्षांपूर्वी शिकत असताना ती ह्याच घरी येऊन गेली होती, ठेचा-भाकर खाऊन, कापडांचे फोटो काढून.

राधिकानं ओसरीवर पांढरी चादर अंथरली आणि एकेक वस्तू उलटी-सुलटी करून बघत दोन ढीग लावले. उत्तमरावांची बाज दाराशीच होती. ते पडल्या पडल्या बघत होते. एक ढीग लहान झाला, दुसरा त्याच्या दुप्पट. मोठ्या ढिगात आपल्या हातचं सगळं आलेलं बघून शालूबाईंना बरं वाटलं. एवढं चांगलं निघालं म्हणायचं. त्या चहा घेऊन आल्या तर ड्रायव्हर लहान ढीग मऊ कागदात गुंडाळून खोक्यात भरत होता.

"अन् हे?" त्यांनी मोठ्या ढिगाकडं बोट केलं.

राधिका जरा घुटमळली. मग तिनं नीट समजावून सांगितलं. जुनं कापड जसं सापडलं तसंच त्यांना लागतं. फाटकं असलं तरी चालतं, उलट ते कसं झिजलं हेही बघायचं असतं. नवा दोरा पडला की जुनं कुठलं आणि नवं कुठलं हे कळत नाही. सांधलेलं म्हणून बाजूला काढलं.

"काकू, तुम्हाला वाईट वाटू नये," ती शेवटी म्हणाली. "मी मागं आले होते तेव्हाच काकांना बोलले होते, काही शिवू नका म्हणून."

शालूबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. उत्तमरावांनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

जीप गेली. शालूबाईंनी मोठा ढीग होता तिथंच राहू दिला. नवऱ्याला जेवू घातलं, तोंड पुसलं, पाणी पाजलं. राग होता, त्याहून जास्त कंटाळा होता, हाडात उतरलेला. पोरगी येऊन गेली त्यानंतर किती रात्री त्या कंदिलाशी झुकून बसल्या होत्या. किती झुली, किती कुंच्या. आणि हा माणूस आणतच राहिला.

उन्हं कलल्यावर त्या बाजेशी येऊन खाली बसल्या.

"मला काहून सांगितलं न्हाई?"

उत्तमरावांना एक वाक्य जुळवायला वेळ लागायचा. शालूबाई थांबल्या.

"तुझं आप्रेशन," ते म्हणाले.

पिशवी काढल्याचं ते ऑपरेशन. डॉक्टरनं ओझं उचलायचं नाही, रानात जायचं नाही म्हणून बजावलं होतं. जन्मभर रानात राबलेली बाई घरात बसली आणि महिनेच्या महिने कोणाशी बोलेना. ते शालूबाईंनाही आठवत होतं, पण दुसऱ्या कोणाचं असल्यासारखं.

"भिताडाकडं बघत बसायचीस," उत्तमराव तोंडातल्या तोंडात, अडखळत सांगत होते. "झूल दिली तवा बोललीस. दोरा आणा म्हणालीस. ती पोरगी सांगून गेली तवा मंग... कसं सांगावं."

"अन् मी समजून राहिले, तुमचं अडून राहिलंय म्हणून. मान मोडली माझी. मला तर बसायचंच नव्हतं ओ."

उत्तमरावांच्या उजव्या डोळ्यातून पाणी आलं. लकव्यापासून ते असंही यायचं, त्यामुळं त्याचं काय समजावं हे शालूबाईंना कळेना. त्यांनी पदरानं ते पुसलं. उत्तमराव आणखी एवढंच म्हणाले, की फाटकं स्वस्तातही मिळायचं. शालूबाईंना हसू आलं आणि ते आलं म्हणून पुन्हा रागही आला.

ढीग पुढं आपोआप कमी होत गेला. मिराबाई कापूस वेचायला आली होती, तिनं दोन फेटिये नातसुनेला नेले. राधिकाचं म्हणणं ऐकून तिला नवल वाटलं. "आमच्या आईनं, आजीनं बी सांधूनच घातलं की. न्हाई तं टिकलं असतं का?" ती म्हणाली. झुली गावातल्या बैलवाल्यांनी मागून नेल्या. एक जाड झूल शालूबाईंनी धुऊन, कवड्या उसवून नवऱ्याच्या पाठीखाली घातली. गादीपेक्षा ती मऊ होती आणि पाठीला जखमा होत नव्हत्या. सुई मात्र त्यांनी परत हातात घेतली नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला जिंतूरकडचा सोनाजी सायकलवर गाठोडं बांधून आला. खेड्यापाड्यांतून जुनं-पानं गोळा करून तो उत्तमरावांना आणून द्यायचा. लकव्याचं त्याच्या कानावर गेलं नव्हतं. शालूबाईंनी त्याला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं आणि आता काही घ्यायचं नाही, पुन्हा चक्कर मारू नको म्हणून सांगितलं. सोनाजीनं मान डोलावली. तेवढ्यात बाजेवरून आवाज आला. उत्तमराव डावा हात पुढं करत होते.

"बघा," शालूबाई म्हणाल्या, "पर घ्यायचं न्हाई."

सोनाजीनं गाठोडं सोडून एक कुंची त्यांच्या हातात दिली. हिरवी, खणाची, जर अर्धी निघालेली, कडेला चांगली बोटभर फाटलेली. उत्तमरावांनी ती छातीवर ठेवली आणि अंगठ्यानं चाचपत राहिले. शालूबाईंनी चहा केला. सोनाजी तो बशीत ओतून सावकाश प्याला. तो उठला तसं उत्तमरावांनी आपणहून कुंची उचलून त्याच्या हाती दिली.

सायकल वळणाआड जाईपर्यंत शालूबाई दारात उभ्या होत्या. मग त्यांनी कवाड लोटलं, मधल्या मोकळ्या खोलीत उघड्या फरशीवर पदर पसरला आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा भर दुपारी आडव्या झाल्या. फरशी गार होती. त्यांचा लगेच डोळा लागला.