सह्या करणारे

अमेरिकेतल्या चेरोकी आदिवासींना त्यांच्या मुलखातून का हाकललं, हा कौमुदीच्या पीएचडीचा विषय होता. सोमवारी डब्लिनच्या विद्यापीठात तिला त्यावर बोलायचं होतं. रविवारी डब्लिनच्याच सँट्री उपनगरातल्या फ्लॅटमध्ये ती तयारी करत होती, तेव्हा साताऱ्याहून तिच्याकडे राहायला आलेले बाबा, विलासराव, म्हणाले की मलाही मराठीत सांग.

तिने सांगितलं. चेरोकींची जमीन कापसाला चांगली होती, त्यात तिथे सोनं सापडलं. जॉर्जिया राज्याने त्यांची शेतं-घरं चिठ्ठ्या टाकून गोऱ्यांना वाटली. चेरोकी कोर्टात गेले. निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण अमलात कुणीच आणला नाही. शेवटी मूठभर चेरोकींनी बाकीच्यांना न विचारता मुलूख सोडण्याच्या करारावर सह्या केल्या, आणि तो करार पुढे करून सैन्याने सगळ्यांनाच बाहेर काढलं. हजारो माणसं मेली.

सांगताना तिने त्यांना गद्दार म्हटलं. बाबांनी तो शब्द उचलला नाही. त्यांनी विचारलं, "सह्या करणाऱ्यांचं पुढं काय झालं?"

"काहींना त्यांच्याच लोकांनी मारलं."

बाबा खुर्चीत मागे रेलले. "दादानंही सही केली होती."

आपलं गाव धरणात गेलं, हे कौमुदीला ठाऊक होतं. बाबांच्या थोरल्या भावाबद्दल, दिलीपकाकांबद्दल मात्र घरात कुणी बोलत नसे. बाबा आता हळूहळू सांगू लागले. गाव अडून बसलं होतं, आणि पलीकडे धरणाची भिंत चढत होती. दादाला वाटलं, निदान सगळ्यांना एका जागी जमीन मिळेल. त्याच्यासोबत आणखी चारपाच जणांनी सह्या केल्या. सरकारने ती गावाची संमती धरली. जमिनी मिळाल्या त्या लांब लांब, प्रत्येक घराला वेगळ्या ठिकाणी. मग गावाने दादाशी बोलणं टाकलं.

"तो गेला तेव्हा खांदा द्यायला चौघं मिळाले नाहीत. ट्रॅक्टरमधनं नेला," बाबा म्हणाले. "पोरी, धरण आधीच ठरलेलं होतं. पण ठरवणारे मुंबईला. शिव्या द्यायला दादाच समोर होता."

कौमुदीने त्यांचा हात धरला.

सोमवारी बाबाही ऐकायला मागे बसले होते. ती सोन्याबद्दल, कापसाबद्दल, चिठ्ठ्यांबद्दल बोलली. सह्या करणारे चुकले, असंही म्हणाली. पण टिपणात लिहिलेला 'गद्दार' हा शब्द तिने उच्चारला नाही. एका प्राध्यापकांनी विचारलं, तुम्ही त्यांना फार सहज सोडता आहात का? ती म्हणाली, सोडत नाही, पण मुलूख त्यांनी घेतला नव्हता.

घरी परतताना बसमध्ये बाबांनी विचारलं, "त्या लोकांना त्यांची गावं परत मिळाली?"

"नाही, बाबा."

त्यांनी मान हलवली. "दादालाही त्याचं गाव परत मिळालं नाही," ते म्हणाले.