पिंपातली पातळी

डॉक्टर मार्तिना लहानपणी गेझाच्याच बसने शाळेत जात असे, त्यामुळे दवाखान्याच्या खुर्चीत बसल्यावरही ती त्याला काकाच म्हणे. ऑक्टोबरमधल्या त्या सकाळी मात्र तिच्या हाकेत लाड नव्हता.

"गेझाकाका, तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा साडेआठ आलाय. गोळ्या वाढवायला आता जागा उरली नाही. जानेवारीतही हेच दिसलं, तर इन्सुलिनची सुई सुरू करावी लागेल."

"सुईला मी भीत नाही गं. पण बसचं काय?"

"मग परवान्याचं प्रकरण वैद्यकीय मंडळापुढे जाईल. ते काय ठरवतील, मी सांगू शकत नाही."

 तंत्रविद्यालयातून यंत्रकाम शिकून गेझा बाहेर पडला होता आणि गेली वीसेक वर्षे तीन गावांतील मुलांना शाळेत नेऊन परत आणत होता. कोणते मूल पुढे बसले की त्याला मळमळत नाही आणि कोणाचा डबा रोज बसमध्ये राहतो, हे त्याला आयांपेक्षा अधिक ठाऊक होते. बस गेली तर सकाळी उठून करायचे काय, याचीच त्याला धास्ती होती.

"तुमच्या शरीरात इन्सुलिन आहे," मार्तिना म्हणाली. "पण यकृत आणि स्नायू त्याचं ऐकेनासे झालेत. डुकराची चरबी, लोणी, असे घट्ट स्निग्ध पदार्थ रोज जास्त गेले की यकृतात चरबी साठते आणि इन्सुलिनची हाक पोचत नाही. बियांचं तेल, अक्रोड, मासे यांच्यातली चरबी वेगळी असते, तिच्यामुळे हे ऐकणं थोडं सुधारतं. तेव्हा डुकराच्या चरबीच्या जागी तेल घ्या."

गेझाने त्यातले 'तेल घ्या' एवढे पक्के धरले आणि बाहेर पडताच थेट घाणा गाठला.

त्यांच्या भागात, म्हणजे स्लोव्हेनियाच्या ईशान्य टोकाला, भोपळ्याच्या भाजलेल्या बियांचे जे हिरवेकाळे तेल निघते, त्याचा अभिमान लहानथोर सगळेच बाळगतात. गेझाने ते घेवड्यावर ओतले, कोबीवर ओतले, अंड्यावर आणि सूपवरही ओतले. पीठ आणि बटाटे घोटून केलेले, वर परतलेला कांदा घातलेले दोडोले त्याच्या विशेष आवडीचे. त्यांच्यावर तर तो तेलाचे तळेच करी.

"आता कॉफी तेवढी राहिली," त्याची बायको विल्मा म्हणाली. "तीही हिरवी कर."

शेजारच्या लुदविकने एकदा जेवताना पाहिले आणि हात जोडले. "गेझा, चुलीजवळ बसू नकोस बाबा. पेट घेशील!"

डिसेंबरात नेहमीप्रमाणे डुक्कर कापले गेले, शेजारी मदतीला आले, सॉसेजची ताटे या घरातून त्या घरात फिरली आणि विल्माने तिची त्यूंका भरली. त्यूंका म्हणजे लाकडी पिंप. त्यात धुरावलेल्या मांसाचे तुकडे आणि बारीक केलेली चरबी यांचे थर एकावर एक दाबायचे, की मांस उन्हाळ्यापर्यंत टिकते. पाहुणा आला की त्यातलेच मांस पावाबरोबर पुढे ठेवायचे, आणि घरधनी फेरीवरून परतला की त्यालाही. गेझा मांसावरची चरबी सुरीच्या पाठीने खरवडून ताटाच्या कडेला सारी आणि मगच खाई. आपण चरबी सोडली, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

जानेवारीत आकडा आणखी किंचित वर गेला. वजनही वाढले होते.

"तेल घेता ना?" मार्तिनाने विचारले.

"बाटल्यांवर बाटल्या."

"आणि चरबी?"

"सोडली म्हणजे सोडली!"

मार्तिनाने कपाळाला आठ्या घातल्या. "मग माझ्या हिशेबात काहीतरी बसत नाही. ईस्टरपर्यंत थांबते, काका. त्याच्यापुढे थांबणं बरोबर होणार नाही."

गेझा घरी आला तो धुमसतच. डॉक्टरांच्या तेलाच्या गोष्टी म्हणजे निव्वळ वाऱ्यावरची वरात आहे, असे त्याने विल्माला ऐकवले.  नवरा सुईपेक्षा रिकाम्या सकाळींना भितो, हे तिला कळत होते.

शनिवारी त्याने अंगणात बसचे तेल बदलायला घेतले. इंजिन तापवून तो खाली सरपटला, तळाचा बोल्ट काढला, आणि काळे, दाट तेल पसरट घमेल्यात पडू लागले. विल्मा पाव आणि मांस घेऊन आली आणि वाट पाहत उभी राहिली.

"नवीन डबा आणलायस ना? मग ओत की वरून. हे सगळं कशाला सांडत बसतोस थंडीत?"

"वा गं मिस्त्रीणबाई!" गेझा बसखालून हसला. "काळ्यात नवं ओतलं की नवंही नासतं. शिवाय पातळी चढते आणि इंजिन गुदमरतं. आधी जुनं काढायचं, मग त्याच्या जागी—"

 तो हळूहळू बाहेर आला, चिंधीला हात पुसले आणि विल्माच्या हातातल्या ताटाकडे पाहत राहिला.

"विल्मा, मी खरवडून ठेवतो ती चरबी कुठे जाते?"

"जाते कुठे? कढईत. कांदा परतते, बटाटे परतते. तुझ्या दोडोल्यांवर घालते तो कांदा कशात होतो असं वाटलं तुला?"

"रोज?"

"मग कशात परतू? तूच बजावलंस ना, बियांचं तेल तापवायचं नाही म्हणून!"

हे खरेच होते. ते तेल तापवले की कडू होते, म्हणून ते थंड पदार्थावर किंवा चुलीवरून उतरवल्यावरच घालतात, परतायला चरबी. तिथल्या स्वयंपाकघरात हे कोणी कोणाला शिकवत नाही आणि म्हणूनच त्याचा विचारही कोणाच्या मनात येत नाही.

गेझा कोठीघरात गेला. एक स्वच्छ काठी त्याने त्यूंकेच्या कडेने आत उभी केली आणि इंजिनचे तेल मोजावे तशी चरबीच्या पातळीशी खूण केली. आठवड्याने पुन्हा पाहिले तेव्हा पातळी चांगली तीन बोटे उतरली होती. घरात खाणारी माणसे दोनच.

"मार्तिना 'चरबीच्या जागी' म्हणाली होती," गेझा म्हणाला. "मी वरून ओतत बसलो."

"आणि मला येऊन सांगितलंस काय, तर 'तेल'! बसमधल्या पोरांना सूचना नीट ऐका म्हणून ओरडतोस ना रोज?" विल्मा तडकली. मग तिने पिंपाच्या कडेवरून हात फिरवला. "ही माझ्या आईची. उद्या दारात कोणी आलं तर पुढे काय ठेवू? बाटली?"



यावर तोडगा विल्मानेच काढला. त्या वर्षी गावात एकही लग्न झाले नव्हते. अशा वर्षी ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळापूर्वी कोणाचे तरी पाइनच्या झाडाशी लटके लग्न लावून सबंध गाव जेवते. विल्माने लुदविकला बोलावले आणि तिघांनी मिळून त्यूंका त्या जेवणासाठी त्याच्या गाडीवर चढवली.

"कोण गेलं तुमच्या घरातलं?" लुदविकने विचारले. "भरली त्यूंका देऊन टाकताय!"

"कोणी जाऊ नये म्हणून देतोय," विल्मा म्हणाली. "उचल नीट. रिकामी झाली की परत हवी."

त्यानंतर चरबीशिवाय केलेल्या पहिल्या दोडोल्यांना भुशाची चव होती. विल्माने हार मानली नाही. सूर्यफुलाच्या चमचाभर तेलात तिने कांदा मंद आचेवर चांगला तांबूस होऊ दिला, खाली उतरवला आणि मग वरून बियांचे तेल चमच्याने मोजून घातले. गेझाने दुसऱ्यांदा ताट पुढे केले, तेव्हा तिने ते काढून घेतले.

"पातळी बघ, मिस्त्री."

मांसाच्या जागी कधी घेवडा आला, कधी नदीतला मासा, तर कधी मूठभर अक्रोड. गेझाचा पट्टा एका भोकाने आत सरकला.

ईस्टरनंतर मार्तिनाने कागद दोनदा वाचला. "साडेसात. सुई सध्या नको. पण आजार गेला असं समजू नका, काका. गोळ्या चालूच राहतील. उन्हाळ्याआधी पुन्हा या. केलंत तरी काय?"

"जुनं तेल काढलं," गेझा म्हणाला, आणि मग तिला सगळी हकिकत सांगितली. ती इतकी हसली की बाहेर बसलेले रुग्ण दाराकडे पाहू लागले.

घरी लुदविक येऊन बसला होता. विल्माने त्याच्यापुढे पाव आणि घेवड्याची कोशिंबीर ठेवली, वर हिरवे तेल. त्याने सवयीने कोठीघराकडे मान वळवली. घासूनपुसून उन्हात वाळवलेल्या त्यूंकेत आता अक्रोड भरले होते.

"डिसेंबरात मांस भरणार की नाही?" त्याने काळजीने विचारले.

"भरीन. पाहुण्यांपुरतं, तळाशी." विल्माने गेझाकडे पाहिले. "आकडा काय म्हणाला?"

गेझाने बसची किल्ली खुंटीला लावली. "सोमवारी सकाळी लवकर उठव, म्हणाला."