उघड्या दाराचं लग्न

आमच्या लग्नाची नोटीस सरकारने लग्न नोंदणीच्या ऑफिसच्या फळ्यावर लावली, म्हणून दादाला पत्ता लागला. ज्याच्यापासून लपून लग्न करायचं त्यालाच आमंत्रण. वर हे आमच्याच भल्यासाठी म्हणे! हा नियम करणाऱ्याला मोठा भाऊ नसणार.

मी आणि लिफ्टवाला लग्नाच्या खोलीत पोचलो तेव्हा दादा पहिल्या रांगेत बसला होता. शेजारी आई, मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून. लिफ्टवाला म्हणजे माझा होणारा नवरा. बंद पडलेल्या लिफ्टमधून माणसं बाहेर काढणं हे त्याचं रोजचं काम. त्याने खोलीभर नजर फिरवली आणि हळूच म्हणाला, "एकच दार आहे गं."

मी नोंदणीच्या बाईंपाशी गेले. "बाई, दार लावून घ्या ना. तो माझा भाऊ आहे. गोंधळ घालायला आलाय."

"दार लावता येत नाही. कुणालाही आत येऊन हरकत घेता आली पाहिजे. बंद दाराआड लावलेलं लग्न कायदा धरत नाही."

"मग तुमच्या केबिनमध्ये लावा. तिथे मागून बाहेर पडता येतं."

"परवाना या खोलीचा आहे."

"दुसरं कुणी लावून देईल?"

"या भागात अधिकार फक्त मला आहे," त्या म्हणाल्या, आणि खरंच वाईट वाटल्यासारख्या बघत राहिल्या. चांगली बाई होती. चांगल्या माणसाने गळा आवळला की ओरडायचीही पंचाईत होते.

आम्ही उभे राहिलो. लिफ्टवाल्याचे दोन मित्र साक्षीला मागे. बाईंनी हरकतीचं विचारायच्या आतच दादा उठला. "ही माझी बहीण. मला हे लग्न मान्य नाही."

"त्या सज्ञान आहेत. तुम्हाला कुणी विचारलेलं नाही."

मागे एक मित्र फिसकन हसला. मीही हसले असते, पण मग बाईंनी कागद उचलून वाचायला घेतलं. वाचून दाखवायचा नियम आहे. "हरकत घेता येईल ती अशी: दोघांपैकी कुणाचं आधीच लग्न झालेलं असणं, वय कमी असणं, जवळचं रक्ताचं नातं असणं, किंवा मानसिक आजारामुळे कुणी संमती देण्यास असमर्थ असणं."

हॉटेलात मेनू कार्ड ऐकावं तसा दादा कान देऊन ऐकत होता. "शेवटचं," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"वेडी आहे ती. लहानपणापासून. अंगावर येते, भांडी फेकते."

भांडं एकदाच फेकलं होतं. नेम चुकला याचं मला अजून वाईट वाटतं.

माझ्या तोंडात शिव्यांची रांग लागली. पण एक जरी बाहेर पडली असती तरी दादाचं काम झालं असतं. "बघा, बघा डोळे कसे वटारतेय," तो म्हणाला. मी डोळे खाली केले. "आता बघा, एकदम गप्प. असंच होतं हिचं." खरं सांगते, शहाण्या बाईने हात कुठे ठेवायचे असतात हेच मला सुचेना.

बाईंचा आवाज बदलला. "अशी हरकत असेल तर चौकशी करावी लागेल. डॉक्टरांचा दाखला लागेल. तोवर हे लग्न थांबेल."

"तोवर ती घरी राहील," दादा म्हणाला.

घरी म्हणजे काय ते मला माहीत होतं. मागच्या महिन्यात त्याने मला बाहेरून कडी लावून आठवडाभर मागच्या खोलीत ठेवलं होतं. बाबांच्या इंजेक्शनपुरती कडी निघायची. शिलाईच्या कारखान्यातल्या बायका माझी चौकशी करत दारात येऊन बसल्या, तेव्हा सुटले.

"घरात आणखी कोण सांगेल?" बाईंनी विचारलं.

दादाने आईला कोपराने ढोसलं. आई उठली. माझ्याकडे बघितलं नाही तिने.

"मुलीचं डोकं ठिकाणावर आहे का, आजी?"

"ठिकाणावर असतं तर आम्हाला टाकून निघाली असती का?" आई म्हणाली, आणि एकदम रडायला लागली. "तुम्हीच सांगा बाई, हिच्या बापाची शुगर कोण बघणार? सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन हीच देते. शुगर मोजायची, त्याप्रमाणे डोस कमी-जास्त करायचा, सगळं हिलाच कळतं. डॉक्टरसुद्धा हिच्याशीच बोलतात. हा मेला सुई बघितली की घेरी येऊन पडतो!"

"आई, गप्प बस!"

"का गप्प बसू? खोटं बोलतेय का मी?"

बाईंनी कागद खाली ठेवला. "वेड्या मुलीच्या हातात तुम्ही इन्सुलिनची सुई देता?"

दादाचा चेहरा शिळ्या भातासारखा झाला. "हरकत लेखी द्या," बाई म्हणाल्या. "हेसुद्धा लिहा त्यात. खोटी हरकत घेतली तर शिक्षा आहे." तो खाली बसला.

मी लग्नाचं कायद्यातलं वाक्य म्हटलं. लिफ्टवाल्याने म्हटलं. सह्या झाल्या. आईने मला वेडी ठरवायला तोंड उघडलं होतं आणि सोडवून बसली होती; तिला ते कळलंही नव्हतं.

आम्ही निघालो तशी ती मागे आली. "संध्याकाळचं कसं करू?"

मी डोस सांगितला.

"आणि टोचायचं कुठे? माझा हात थरथरतो गं. आजच्या दिवस घरी येऊन दाखव. मग जा."

तिच्या मागे दादा उभा होता. ओरडत नव्हता. मान खाली घालून म्हणाला, "चल. मी गाडी काढतो." इथलं दार कायद्याने उघडं होतं. घरच्या दाराला कसला आलाय कायदा?

लिफ्टवाल्याने माझा हात धरला होता, पण ओढला नाही. सोडलाही नाही. आईचे डोळे मात्र खरोखर घाबरलेले होते. ते नाटक नव्हतं, हीच तर अडचण.

"घरी येणार नाही," मी म्हणाले. "इथेच शिक."

तिला परत खोलीत नेलं, खुर्चीवर बसवलं. तिचा हात माझ्या पोटावर ठेवला. "अशी चिमूट धर. घट्ट. आता हे सहीचं पेन म्हणजे सुई समज."

आईने धरली. चिमूट सुटली. पुन्हा धरायला लावली. पुन्हा सुटली. बाहेर दादा गाडीचा हॉर्न वाजवत होता.

शिपाई किल्ल्या घेऊन आला. "ताई, दार लावायचंय."

"लावू नका," मी म्हणाले. "आई, धर परत."