वरच्या खोल्यांचा रंग

गुणाकररावांच्या वरच्या मजल्यावरचे भाडेकरू सात वर्षं राहून मे महिन्यात मंडल्याला बदलीवर गेले. पलंग-कपाटं काढताना भिंती खरवडल्या होत्या, म्हणून नवं कुणी येण्याआधी वर रंग द्यायचं गुणाकररावांनी ठरवलं.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून ते मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या या घरातच असत. पत्नी प्रमोदिनी दोन वर्षांपूर्वी गेली. घरातले रंग, पडदे, चादरी, सगळं तीच ठरवायची. त्यामुळे पेंटर प्रेमलालने शेड कार्ड हातात दिलं तेव्हा ते नुसतेच एकेका चौकोनाकडे बघत बसले.

त्यांनी हैदराबादला मुलाला फोन लावला. यशोधन म्हणाला, "बाबा, भाड्याचंच घर आहे ना? ऑफव्हाइट मारून टाका. मी मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलतो."

नंतर फोन आला नाही.

"भिंतीवर थोडे लावून दाखव," ते प्रेमलालला म्हणाले. त्याने बैठकीच्या भिंतीवर तीन पट्टे ओढले. ते सुकेपर्यंत दोघं जिन्यात चहा पीत बसले. प्रेमलाल जवळच्या हट्टा गावचा. गावातल्या धानाच्या गोष्टी, बहिणीच्या लग्नाची धावपळ, असं काय काय सांगत राहिला. गुणाकरराव मधेमधे प्रश्न विचारत होते, चहा संपला तरी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी दोन रंग मागवले. तिसऱ्या दिवशी आणखी दोन. चौथ्या दिवशी प्रेमलालने ब्रश खाली ठेवला.

"काका, सात रंग झाले. मले लालबर्रा गावचं काम धरायचं हाय. तुमी ठरवून काहून नाही राह्यले?"

गुणाकरराव ओशाळले. "मले समजतच नाही रे. हे सारं तुया काकूलेच समजे."

ते खोटं नव्हतं. पण सकाळी फाटक वाजलं की त्यांना बरं वाटायचं, हे त्यांनी सांगितलं नाही.

त्याच दुपारी संघमित्रा नावाची नर्स घर पाहायला आली. तिची तुमसरहून इथे नवी नेमणूक झाली होती. पट्टे बघून ती हसली.

"हा पिस्ता घ्या काका. खिडकीतल्या आंब्यासंग चांगला दिसन."

पाणी किती वाजता येतं, आईला जिना चढवेल का, तिने विचारलं. गुणाकररावांनी सगळं सांगितलं. न विचारलेलंही सांगितलं. पुढच्या आठवड्यात सामान आणते म्हणून ती गेली.

प्रेमलालने तीन दिवसांत पिस्ता रंग पूर्ण केला आणि लालबर्र्याला निघून गेला. रविवारी संघमित्राचा फोन आला.

"काका, राग नका मानू. आईचे गुडघे दुखते, तिले जिना नाही जमत. दुसरीकडे खालचं घर भेटलं."

"हौ, राग कायचा? आईले सांभाळ."

फोन ठेवून ते वर गेले. रंगाचा वास जावा म्हणून सगळ्या खिडक्या उघडल्या. रंग खरंच छान दिसत होता. ऊन भिंतीवरून सरकून जाईपर्यंत ते मोकळ्या फरशीवर बसून राहिले.

मग खाली येऊन त्यांनी पुठ्ठ्यावर जाड अक्षरांत लिहिलं, 'ऊपर का मकान किराये से देना है.' खाली फोन नंबर घातला. थोडा विचार करून आणखी एक ओळ लिहिली, 'मकान मालिक दिन भर घर पर मिलेंगे', आणि पाटी फाटकाला बांधली.