सहाशे अठरावा दगड

"सहाशे सतरा आहे, सहाशे एकोणीस आहे. मधला काय कुणी गिळला?"

कुरकुर अगदी कानाशी झाली, तरी काकींनी ब्रश उचलला नाही. नऊचं शेपूट अर्ध्यात सोडलं की रंग ओघळतो. शेपूट पुरं झालं, मग त्यांनी मान वळवली.

मागे महामार्ग कचेरीचे तपासनीस उभे. हातात यादी, खिशात पट्टी. दगड बोटभर कमी भरला तरी परत पाठवायचे, म्हणून येऊन सहा महिने झाले नाहीत तोच कारखान्यानं त्यांचं नाव फूटपट्टी ठेवलं होतं.

कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड आणि मागे पाण्याची टाकी. काका साच्यात सिमेंट ओतून किलोमीटरचे दगड करायचे आणि काकी रंगवायच्या. महामार्ग एक, राज्यं चार, आणि चौघांच्या चार तऱ्हा. पहिल्या राज्यात बंदरावरच्या शून्याच्या दगडापासून रस्ता निघायचा तो मिठागरांच्या कडेनं सुतासारखा सरळ. दुसऱ्यात डोंगर चढायचा आणि वर गेल्यावर उगाच डावीकडे भला मोठा फेरा घ्यायचा. त्या बाजूला कुणा मंत्र्याची सासुरवाडी होती म्हणे. जावयाचा मान रस्त्यालाही राखावा लागला. तिसऱ्यात लांबच लांब पूल, पुलापुढे उघडा माळ. चौथ्यात जंगल, आणि अकराशे चारला सीमेवरच्या फाटकाशी सगळा खेळ संपला. दगडाच्या डोक्याला कुठला रंग द्यायचा यावर चार राज्यांचं कधी जमलं नाही. म्हणून पहिल्याला हिरवी टोपी, दुसऱ्याला निळी, तिसऱ्याला पिवळी, चौथ्याला लाल.

काकी तिसाव्या दगडापुढे कधी गेल्या नव्हत्या. पण रस्ता त्यांना तोंडपाठ होता, कारण मुलानं तो फोनवरून सांगितला होता. तो दगड बसवणाऱ्या टोळीत होता.

"आई, तुझ्या हिरव्या टोप्या संपल्या. आजपासून निळ्या."

"जेवलास का?"

"अगं, मी एक राज्य ओलांडलं आणि तू जेवणावर अडलीस! आणि बाबांना सांग, त्यांच्या तीनचं पोट फार सुटलंय. सगळे म्हणतात, आकडा करणाऱ्यावर गेलाय."

आकडे काका लाकडात स्वतः कोरायचे आणि उलटे करून साच्यात बसवायचे, म्हणजे सिमेंटात त्यांची खाच उमटे. निरोप ऐकून त्यांनी आपल्या पोटाकडे पाहिलं होतं आणि तीन तसाच ठेवला होता.

"पूल ओलांडला गं," हा त्याचा शेवटचा फोन. दुसऱ्या दिवशी तो सहाशे अठरावा दगड बसवायला खाली वाकला होता आणि खडीचा ट्रक मागे येत होता. दगडाचेही दोन तुकडे झाले.

त्याला दोन वर्षं झाली. पण घरात त्या गोष्टीला नाव राहिलं नाही. नातेवाईक आवाज उतरवून 'ते पुलापुढचं' म्हणायचे. काका तेवढंही म्हणायचे नाहीत. कुणी नवखा माणूस विचारायचा, "मुलगा दिसत नाही?" काका सांगायचे, "पुढे आहे, कामावर." काकी ते ऐकायच्या आणि धुतलेलाच ब्रश पुन्हा धुवायच्या.

फुटलेल्या दगडांची यादी कचेरीतून आली की काकी ती मोठ्यानं वाचायच्या आणि काका आकडे जुळवायचे. ती वाचताना सहाशे अठरा आला की काकी सरळ पुढच्या आकड्यावर उडी घ्यायच्या. आवाज जराही हलू द्यायच्या नाहीत. या माणसाच्या हातून तो आकडा साच्यात बसवून घ्यायचा? त्यापेक्षा कचेरीची बोलणी परवडली. आधीचे तपासनीस सगळं जाणून होते. त्यांनी दीड वर्ष कागदावर 'काम चालू' लिहून वेळ मारून नेली. फूटपट्टीला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

"हे बघा काकी," ते म्हणाले, "सोमवारी चारही राज्यांचे साहेब मोजणीला निघणार. तुम्हाला नसेल जमत तर तेवढा एक दगड मी दुसरीकडून करून घेतो. दगडाला काय, सगळे सारखेच."

काकींच्या हातातला ब्रश तसाच राहिला. तिथे दुसऱ्या कुणाचा दगड? सपक, विकतच्या आकड्यांचा? जिथे पोरानं शेवटचा हात लावला, तिथे परक्याचा हात?

"नाही," त्या उठल्या. "आम्हीच देऊ."

बोलून तर बसल्या, पण आता नवऱ्याला सांगणं आलं. टाकीपर्यंतची वीस पावलं त्यांना चार राज्यांएवढी झाली. काका ओल्या दगडांवर पाणी मारत होते.

"अहो, यादीतला एक वाचायचा राहिला."

काकांनी कोणता म्हणून विचारलं नाही. झारी खाली ठेवली, टाकीमागे गेले आणि पोतं ओढलं. खाली तीन दगड उभे होते, बिनरंगाचे. तिघांवर एकच आकडा. सगळ्यात जुन्यावर शेवाळ धरलं होतं. त्यालाही रोज पाणी मिळत होतं तर.

"कचेरीतून तीन फोन आले मला," काका म्हणाले. "दरवेळी ओतला. पण तुझ्यापुढे आणून ठेववेना."

"मला वाटलं, तुम्हाला सोसायचं नाही."

"मला वाटलं, तुला."

काकींनी पदरानं एका दगडाचं डोकं पुसलं. पिवळा डबा कुठे ठेवलाय, हे त्यांना आठवेना. रोज हाताखाली असणारा डबा.

तेवढ्यात फूटपट्टी मागोमाग आलेच. सवयीनं पट्टी काढून त्यांनी पहिला दगड मोजला, दुसरा मोजला. उंची अगदी बरोबर. मग आकडा पाहून चकित झाले.

"एक सोडून तीन तयार! मग इतके दिवस दिला का नाहीत? अडचण काय होती?"

"ते पुलापुढचं..." काकींनी सुरुवात केली. त्यांनी काकांकडे पाहिलं. आता हे 'पुढे आहे कामावर' म्हणणार, आणि आपण पुन्हा ब्रश धुवायला जाणार.

काकांनी दगडावर हात ठेवला. एकच्या खाचेतून अंगठा वरून खाली फिरवला, आतली माती काढली.

"आमचं पोरगं मेलं, साहेब," ते म्हणाले. "हाच दगड बसवताना मेलं."