मामाकडून फ्रीज, पाच स्टारचा

तात्याबाला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण चांदण्या मोजता येत होत्या, आणि फ्रीज घ्यायला एवढं शिक्षण पुरे आहे असं त्याचं मत होतं. डिसेंबरात तो सांगलीला विश्रामबागेत महेंद्रच्या दुकानात शिरला, रांगेनं उभ्या फ्रीजांच्या दारांवरची लेबलं बोटानं मोजत गेला आणि जिथं पाच चांदण्या भरल्या तिथं थांबला. आत जागा किती, बर्फ साचतो का, यातलं काही विचारलं नाही. मेंढरू घेताना दात, खूर आणि चाल तासभर बघणाऱ्या या माणसानं फ्रीज पाच मिनिटांत घेतला.

फ्रीज भाचीच्या लग्नासाठी होता. उत्कर्षा ही त्याच्या धाकट्या बहिणीची, तानुबाईची पोर. नवरा गेल्यावर तानुबाई विश्रामबागेत कॉलेजच्या पोरांसाठी खानावळ चालवत होती. सात वर्षांपूर्वी उत्कर्षा दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली आणि इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करते म्हणाली. तात्याबा घरातला थोरला. त्यानं चहाच्या दोन कपांत निकाल देऊन टाकला, "पोरीच्या जातीला वायरी कशाला? लगीन लावून मोकळी हो." तानुबाईनं ऐकलं नाही. तात्याबा उठला तो "पुन्यांदा या उंबऱ्याला पाय लावनार न्हाई" असं म्हणून उठला. आयुष्यात त्यानं शंभर शब्द दिले असतील, त्यातला नेमका हा पाळला.

पोरगी शिकली. आता कुपवाडच्या कारखान्यात विजेच्या मोटारी तपासायच्या खात्यात होती, आणि तिची सही झाल्याशिवाय मोटार गेटाबाहेर जात नव्हती. तिच्या ॲडमिशनला, फॉर्मला, परगावच्या वसतिगृहाला धावपळ केली ती तानुबाईच्या चुलतभावानं, बिरदेवनं. लग्न ठरलं तसा तानुबाईनं थोरल्या भावाला फोन केला.

"दादा, तू ये. तुला वगळून लगीन करनार न्हाई. पन पोरीला बोहल्यावर न्यायला मामा म्हनून बिरदेव उभा ऱ्हाईल. त्येनं केलंय तिचं समदं."

हे तात्याबाच्या काळजाला लागलं. भाचीला धरून बोहल्यावर नेणं हा सख्ख्या मामाचा मान, आणि तो चुलत मामाकडे चालला होता. चूक आपली आहे हे त्याला पुरतं कळत होतं. पण चूक कबूल करण्यापेक्षा फ्रीज घेणं त्याला सोपं वाटलं. पोरगी विजेतली, तिला विजेचीच वस्तू द्यायची, तीही अशी की तिनं लेबल वाचावं आणि म्हणावं, मामाला कळतं हो. मग मान कोणाला द्यायचा हे तानुबाईला वेगळं सांगावं लागणार नाही, असा त्याचा हिशोब होता.

आता फ्रीज सांगलीत घेतला होता, लग्न सांगलीत होतं, तो दुकानातच ठेवला असता तर सगळं सुरळीत पार पडलं असतं. पण मग वाडीला कसं कळणार? म्हणून शेजारच्या गुंडाच्या पिकअपमधून फ्रीज शंभर किलोमीटर लांब, माण तालुक्यात तात्याबाच्या वाडीला आला. पडवीत खोकं फोडून उभा केला आणि दोन दिवस वाडीनं रांगेनं दर्शन घेतलं. तात्याबा मेंढरं वळायच्या काठीनं चांदण्या दाखवायचा. "इन्स्पेक्टराच्या खांद्यावर किती असत्यात? तीन. ह्येच्या दारावर बगा." कुणी चालू करा म्हणालं की खेकसायचा, "नवरीचा हाय तो. नवरीनंच बटान दाबायचं."

याच पडवीत राणी नावाची शेळी बांधलेली असे. नाव राणीचं, वागणूकही तशीच. सतराव्या दिवशी सकाळी तात्याबा दात घासत बाहेर आला तर राणी शांतपणे रवंथ करत होती आणि फ्रीजच्या दारावर दीड चांदणी उरली होती.

तात्याबानं बोंब ठोकली. बायको बनुबाई चुलीपुढून उठून आली, तिनं एकदा शेळीकडं बघितलं आणि एकदा फ्रीजकडं.

"आवं, लेबल खाल्लंय. फ्रीज न्हाई खाल्ला."

"तुला काय कळतंय! लेबलाबिगर त्यो नुसता डबा हाय."

"मग डब्यात दूध ठिवंल पोरगी," असं म्हणून बनुबाई भाकरीकडं परत गेली. त्या घरात त्या दिवशी एवढंच काय ते शहाणपणाचं बोलणं झालं, आणि ते कुणी ऐकलं नाही.

जानेवारीच्या शेवटी तात्याबा पुन्हा महेंद्रच्या दुकानात हजर झाला. म्हणाला, तसलं एक लेबल दे. महेंद्र सरळ माणूस. त्यानं आधी शेळीची चौकशी केली, मग सांगितलं, "तात्या, लेबलं सुटी मिळत नाहीत. आणि आता मिळालं तरी तसलं मिळायचं नाही. तुमचंच मॉडेल बघा, हे उभं आहे."

तात्याबानं बोट लावून मोजलं. तीन. पुन्हा मोजलं. तीनच.

"ह्यातल्या दोन कुनी खाल्ल्या?"

"कुणी नाही. जानेवारीपासून तक्ता बदलला. किती वीज खाल्ली की किती चांदण्या, हे सरकारी तक्त्यावर ठरतं. दर काही वर्षांनी तो कडक करतात, म्हणजे कंपन्या आणखी चांगलं बनवतात. गेल्या साली पाचात बसणारा औंदा तीनात बसतो."

"आरं पन आमच्या फ्रीजनं केलं काय? पडवीत हुबा हाय. चालू बी केल्याला न्हाई!"

"त्यानं काहीच केलं नाही तात्या. तो आहे तिथंच आहे. बाकीचे पुढं गेले."

तात्याबाला हा अन्यायच वाटला. फौजदाराला निलंबित करतात तेव्हा निदान काहीतरी खाल्ल्याचा आरोप ठेवतात. महेंद्रनं परोपरीनं समजावलं, तुमचा फ्रीज तेव्हा पाचचाच होता, पावतीवर तारीख आहे, भाचीला सरळ सांगा, तिला तर चटकन कळेल. पण सरळ सांगायचं म्हटलं की तात्याबाला दुसरं काहीतरी काम आठवायचं. हे त्याचं सात वर्षांचं दुखणं होतं.

परतीच्या वाटेवर पिकअप चालवता चालवता गुंडानं तोड काढली. गुंडा आठवी नापास, पण सल्ला द्यायला कधी मागं हटला नाही.

"तात्या, तुझ्या घरात पाच चांदन्या लटाकल्यात की रं. मुंबैस्नं ल्योकानं पंखा धाडलाय नव्हं?"

"त्यो पंखा हाय गड्या."

"लेबल लेबलच आसतंय. लाल-हिरवं, वर चांदन्या. कोन वाचतंय खालचं?"

घरी आल्याआल्या गुंडा स्टुलावर चढला, पंखा उतरवला, उकळत्या पाण्याची वाफ देऊन लेबल अखंड सोडवलं आणि फ्रीजच्या दारावर सरळ रेषेत डकवलं. दोघांनी लांबून बघितलं. झकास दिसत होतं. बनुबाई म्हणाली, "ह्ये इंग्रजी कुनाला तरी दावा आदी." गुंडा म्हणाला, "वैनी, तुमी लय शंका काढताय."

लग्न सांगलीतल्या कार्यालयात, मुहूर्त बारा पस्तीसचा. नवरदेवाकडची मंडळी मेढ्याची, डोंगरातली. मुहूर्त गाठायचा नसतो, माइक गाठायचा असतो, हा आपल्याकडचा नियम. माइक होता आकाराम गुरुजींच्या हातात. गुरुजी तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेले, आणि आयुष्यात समोर आलेला कागद त्यांनी कधी अर्धा वाचून सोडला नव्हता. फ्रीज स्टेजच्या कडेला लाल रिबीन बांधून उभा. तानुबाई पुढच्या खुर्चीत, शेजारी नवा फेटा बांधून बिरदेव. तात्याबाचाही फेटा होता, पण त्याला खुर्ची तिसऱ्या रांगेत मिळाली होती.

"मुलीचे थोरले मामा तात्याबा यांच्याकडून फ्रीज, फाईव्ह स्टार!" गुरुजी गरजले. टाळ्या पडल्या. तानुबाईनं वळून भावाकडं बघितलं आणि तिचे डोळे जरा निवळले. इथं गप्प बसला असता तर तात्याबा जिंकला होता. पण उत्कर्षा आतल्या खोलीत होती, आणि तिच्या कानावर सगळं तपशिलानं जावं अशी त्याची इच्छा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"गुर्जी, समदं वाचा की," तो तिसऱ्या रांगेतून ओरडला. "खालचं इंग्रजी बी!"

गुरुजींनी चष्मा पुसला, वाकले, आणि लोकांच्या सोयीसाठी मराठी करत वाचू लागले.

"प्रकार: छताचा पंखा."

ते थांबले. पुन्हा वाचलं. पण अर्धा कागद सोडायचा नाही म्हणजे नाही.

"पात्यांचा घेर: बाराशे मिलिमीटर. हवा: मिनिटाला दोनशे वीस घनमीटर."

मग मेढ्याच्या एका म्हाताऱ्यानं मोठ्यांदा विचारलं, "पावनं, ह्यो छताला टांगायचा व्हय?" आणि अख्खं कार्यालय फुटलं. आचारी भटारखान्यातून झारा घेऊन बघायला आले. गुंडा मागच्या दारानं पिकअपकडं निघून गेला. तानुबाईनं पदर तोंडाला लावला, आणि ती हसतेय की रडतेय हे तात्याबाला तिसऱ्या रांगेतून कळेना. धरणी पोटात घेईल तर बरं असं त्याला झालं, पण कार्यालयाला फरशी होती.

एवढ्यात मुंडावळ्या बांधलेली उत्कर्षा आतल्या खोलीतून बाहेर आली. मुहूर्ताआधी नवरी बाहेर आली म्हणून बायका ओरडल्या, तिनं लक्ष दिलं नाही. सरळ फ्रीजपाशी गेली, वाकून लेबल वाचलं, कोपऱ्यात नख घालून ते सोलून काढलं.

"मामा, हे कुणी लावलं?"

तात्याबा पुढं आला. गुरुजींनी सवयीनं माइक त्याच्या तोंडाशी धरला.

"मी लावलं. आसली लेबल शेळीनं खाल्लं."

पुन्हा हशा. उत्कर्षा हसली नाही. "मग खरे स्टार किती?"

"घेतला तवा पाच हुतं. आता तक्ता बदललाय. तीन."

"मग तीन म्हणायचं ना. मला कळलं नसतं का?"

"तुलाच कळंल म्हनून तर..." तात्याबाचा आवाज माइकमधून सगळीकडं घुमत होता आणि त्याला तो थांबवता येईना. "तीन घिऊन आलो आन तू बी नगं म्हनलीस तर? आदीच तुज्या दारात माजी पत न्हाई. तुला शिकवू नगा म्हनलो हुतो. ते चुकलं माजं. लय चुकलं. लेबलाचं ऱ्हाऊ दे, त्ये चुकलं."

हसू विरत विरत मागच्या रांगांपर्यंत थांबलं. गुरुजींना माइक खाली घ्यावा असं वाटलं, पण हात हलला नाही. तात्याबा आता उघडउघड रडत होता, फेट्याच्या शेवानं नाक पुसत होता. फेटा भाड्याचा होता.

उत्कर्षा म्हणाली, "माझी माफी नको, मामा. रोज साठ पोरांच्या भाकरी थापून फी भरली ती आईनं. ती समोर बसलीय."

तात्याबा बहिणीपुढं गेला. थोरल्या भावानं धाकट्या बहिणीच्या पाया पडायची रीत नाही, तरी तो वाकला. तानुबाईनं त्याला वरच्या वर दंडाला धरलं. तिचे डोळे भरले होते, पण तोंड खानावळीचंच होतं.

"बास झालं दादा. मुहूर्त कवाच टळलाय, भात गार व्हाया लागलाय. बिरदेव उभा ऱ्हाईल, ठरलं ते ठरलं. तू दुसऱ्या अंगाला धर."

बिरदेवनं एक पाऊल सरकून जागा केली. मंगलाष्टकं म्हणणारे भटजी घसा खाकरू लागले, वाजंत्री सुरू झाली, आणि गुरुजींनी जिवात जीव आल्यासारखं दोन्ही मामांनी मुलीला घेऊन बोहल्यावर यावं असं पुकारलं. तात्याबानं भाचीचा उजवा दंड धरला. चार पावलं गेल्यावर उत्कर्षा त्याच्याकडं न बघता, फक्त त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली,

"फ्रीज नसता तरी चाललं असतं, मामा. कॉलेजात ॲडमिशनच्या दिवशी बिरदेवमामा येईपर्यंत बापाच्या जागी सही करायला माणूस नव्हता. मी दाराकडं बघत होते, वाटलं तुम्ही याल."

"यायला पायजे हुतं बाय," तात्याबा म्हणाला, आणि तिचा दंड धरून बोहल्याची पायरी चढला.